विज्ञान शिकणाऱ्यांत मुली निम्म्याहून जास्त. मग प्रयोगशाळेच्या प्रमुखपदी इतक्या कमी का?

२४ सप्टेंबर २०१४. मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोहोचलं आणि त्याच दिवशी इस्रोमधला एक फोटो जगभर व्हायरल झाला. रंगीत साड्या नेसलेल्या, केसांत फुलं माळलेल्या काही महिला एकमेकींचं हसत हसत अभिनंदन करत होत्या. 'ह्याच त्या मंगळावर यान पाठवणाऱ्या शास्त्रज्ञ' म्हणून तो फोटो लाखो लोकांनी शेअर केला.

नंतर स्पष्ट झालं की फोटोतल्या महिला शास्त्रज्ञ नव्हत्या. त्या इस्रोच्या प्रशासकीय कर्मचारी होत्या.

याचा अर्थ मोहिमेत महिला शास्त्रज्ञ नव्हत्या असा नाही. रितू करिधाल, नंदिनी हरिनाथ, मिनल रोहित अशी अनेक नावं त्या यशामागे होती. पुढे २०१९ मध्ये चांद्रयान-२ च्या प्रकल्प संचालक एम. वनिता होत्या आणि मोहीम संचालक रितू करिधाल. पण इस्रोच्या अध्यक्षपदावर आजवर एकही महिला बसलेली नाही.

हे चित्र फक्त इस्रोचं नाही. भारतात विज्ञान शिकणाऱ्या मुली भरपूर आहेत, पण पदाची एकेक पायरी वर गेलं की त्यांची संख्या कमी होत जाते. असं का होतं? समजून घेऊया.

आकडे काय सांगतात?

केंद्र सरकार दरवर्षी उच्च शिक्षणाचं अखिल भारतीय सर्वेक्षण करतं. २०२१-२२ च्या सर्वेक्षणानुसार देशात पदवीपासून पीएचडीपर्यंत विज्ञान शाखेत सुमारे ५७.२ लाख विद्यार्थी होते. त्यात मुली २९.८ लाख आणि मुलगे २७.४ लाख. म्हणजे मुली निम्म्याहून जास्त.

आता याच्या पुढची पायरी पाहा. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या २०१८ च्या आकडेवारीनुसार देशात प्रत्यक्ष संशोधन आणि विकासाचं काम करणाऱ्यांमध्ये महिलांचं प्रमाण सुमारे १७ टक्के होतं. युनेस्कोच्या अंदाजानुसार जगभरात हे प्रमाण साधारण एक तृतीयांश आहे.

'बायसवॉच इंडिया' हा दोन महिला शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये सुरू केलेला उपक्रम. विज्ञान परिषदांच्या पोस्टरवर किती वक्ते पुरुष आणि किती महिला, याची मोजदाद तो करतो. या गटाने देशातल्या सुमारे १०० संस्थांमधल्या प्राध्यापकांची संख्याही मोजली. तिथेही महिला साधारण १७ टक्केच निघाल्या. जीवशास्त्रात त्यातल्या त्यात जास्त, अभियांत्रिकीत सर्वात कमी.

अजून वर गेलं तर 'पहिली महिला' हे शब्द अलीकडच्या बातम्यांतही भेटतात:

• सीएसआयआर ही देशभर प्रयोगशाळा चालवणारी संस्था १९४२ मध्ये स्थापन झाली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा तिचीच. तिच्या महासंचालकपदी पहिली महिला, एन. कलैसेल्वी, २०२२ मध्ये आली. मध्ये ८० वर्षं गेली.

• इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमीची सुरुवात १९३५ ची. पहिल्या महिला अध्यक्ष चंद्रिमा शाहा. साल २०२०.

• शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार १९५८ पासून दिला जातो. १९६१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ असीमा चॅटर्जी हा पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. पण भौतिकशास्त्र विभागात पहिली महिला, अदिती सेन डे, २०१८ मध्ये आली. म्हणजे पुरस्कार सुरू झाल्यावर ६० वर्षांनी.

वर्गात मुली आहेत, प्रयोगशाळेत थोड्या आहेत, निर्णय होतात त्या खोलीत मोजक्याच. मग बाकीच्या कुठे जातात?

आधी थोडा इतिहास: 'मुलींना प्रवेश नाही'

या प्रश्नाचं एक टोक मुंबईत सापडतं. लेखिका दुर्गा भागवत महाराष्ट्राला माहीत आहेत. त्यांची धाकटी बहीण कमला, जन्म १९११. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. कमला भागवत १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि त्यांनी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे अर्ज केला.

संस्थेचे संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रमण. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती.

कमला मागे हटल्या नाहीत. नकाराचं कारण मागत त्या रमण यांच्यासमोर उभ्या राहिल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेचं. कामाचा दर्जा पटल्याशिवाय मान्यता नाही. आणि त्यांच्यामुळे तिथल्या पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. लक्ष दुसऱ्याचं विचलित होणार, पण जबाबदारी कमलाबाईंची!

वर्षभरात त्यांच्या कामाने शंका मिटवली आणि पुढे संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. कमला तिथून केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये पीएचडी मिळवली. वनस्पतींच्या पेशींमध्ये 'सायटोक्रोम सी' हे श्वसनक्रियेशी संबंधित प्रथिन असतं, हे त्यांनी दाखवून दिलं होतं. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या भारतीय महिलांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं.

लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत जैवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. डाळी, भात आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांवर त्यांनी काम केलं. पुढे त्या या संस्थेच्या संचालकही झाल्या. पण त्यांच्याविषयीच्या लिखाणात एक गोष्ट वारंवार येते. ही नेमणूक सुमारे ४ वर्षं रखडली आणि त्यामागे त्या महिला असणं हे कारण होतं, असं मानलं जातं.

या एकाच आयुष्यात दोन वेगवेगळे अडथळे दिसतात. १९३३ चा अडथळा उघड होता. 'मुलगी आहे म्हणून नाही' असं तोंडावर सांगितलं गेलं, त्यामुळे त्याच्याशी भांडता आलं. संचालकपदाच्या वेळचा अडथळा मात्र कागदावर नव्हता. फाईल नुसती थांबली होती.

आज पहिला अडथळा जवळपास संपला आहे. दुसरा अजून आहे.

गळती नेमकी कोणत्या वयात होते?

यासाठी शास्त्रज्ञाच्या नोकरीची शिडी समजून घ्यावी लागेल.

साधारण २१ व्या वर्षी बीएस्सी, २३ व्या वर्षी एमएस्सी. मग पीएचडीची पाच-सहा वर्षं, म्हणजे वय २८-२९. पण पीएचडी झाली की लगेच कायमची नोकरी मिळत नाही. आधी 'पोस्टडॉक' करावं लागतं. दुसऱ्या प्रयोगशाळेत, बऱ्याचदा परदेशात, दोन ते चार वर्षांचं तात्पुरतं काम. त्यात चांगले शोधनिबंध निघाले तर ३२ ते ३५ च्या आसपास सहायक प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ म्हणून कायमची जागा मिळण्याची शक्यता.

आता दुसऱ्या बाजूला पाहा. आपल्याकडे 'लग्न कधी?', 'गोड बातमी कधी?' हे प्रश्न कोणत्या वयात विचारले जातात? हीच ती वर्षं.

पुरुष शास्त्रज्ञाचंही लग्न याच वयात होतं. पण पोस्टडॉकसाठी तो परदेशी निघाला की 'बायको जाईल बरोबर' असं घरात गृहीत धरलं जातं. ती निघाली तर 'नवऱ्याच्या नोकरीचं काय?' हा पहिला प्रश्न येतो.

त्यात वयोमर्यादा. तरुण शास्त्रज्ञांसाठीचे पुरस्कार, फेलोशिप आणि अनेक पदं ३५, ४० किंवा ४५ या वयाशी बांधलेली असतात. ज्या बाईने मुलासाठी तीन वर्षं थांबून काम पुन्हा सुरू केलं, तिच्या बायोडेटात तीन वर्षांची रिकामी जागा दिसते. काही ठिकाणी महिलांना वयात सवलत मिळते, पण सगळीकडे नाही.

आणखी एक अडचण जोडप्यांची असते. दोघंही शास्त्रज्ञ असतील तर एकाच शहरात दोन जागा मिळणं कठीण. नवरा-बायकोला एकाच संस्थेत न घेण्याचा अलिखित प्रघातही अनेक वर्षं चर्चेत आहे. मग एकाला नोकरी आणि दुसऱ्याला मिळेल त्या प्रकल्पावर कंत्राटी काम. हे दुसरं माणूस बहुतेक वेळा कोण असतं, हे सांगायला नको.

'घरासाठी सोडलं', हे कारण किती खरं?

इथे बरेच जण म्हणतील, संसार निवडला, तिचा निर्णय. यावर २०१० मध्ये एक महत्त्वाचा अहवाल आला. इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेने पीएचडी झालेल्या महिलांना आणि पुरुषांनाही प्रश्न विचारले होते. या कामात एक नाव होतं रोहिणी गोडबोले यांचं. पुण्यात जन्मलेल्या, सर परशुरामभाऊ महाविद्यालयात शिकलेल्या या कणभौतिकशास्त्रज्ञ. भारतातल्या महिला शास्त्रज्ञांच्या आयुष्यांवरचं 'लीलावतीज डॉटर्स' हे पुस्तक त्यांनी राम रामस्वामी यांच्यासह संपादित केलं. २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं.

अहवालातून दिसलेलं चित्र नेहमीच्या समजापेक्षा वेगळं होतं. संशोधनाबाहेर पडलेल्या महिलांनी ठळकपणे सांगितलेलं कारण घर नव्हतं. शिक्षणाला साजेशी नोकरीच मिळाली नाही, हे होतं.

दुसरा आकडा आणखी बोलका आहे. संशोधनात टिकलेल्या महिलांपैकी सुमारे १४ टक्के अविवाहित होत्या. पुरुष संशोधकांमध्ये हेच प्रमाण सुमारे २.५ टक्के. पुरुषाला संशोधन आणि संसार यांतून सहसा एक निवडावं लागत नाही. अनेक महिलांना निवडावं लागलं.

निवड गुणवत्तेवरच होते ना?

विज्ञानात सगळं पुराव्यावर चालतं, मग निवडही तशीच होत असेल, असं वाटतं. हे खरं आहे का, ते शास्त्रज्ञांनीच तपासलं.

१९९७: स्वीडनमध्ये क्रिस्टिन वेनेरोस आणि अग्नेस वोल्ड यांनी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या फेलोशिपचे अर्ज आणि त्यांना मिळालेले गुण तपासले. पुरुषाइतकेच गुण मिळवायला महिलेचं काम सुमारे अडीच पट जास्त असावं लागत होतं. हा निष्कर्ष 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला.

२०१२: अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांनी १२७ विज्ञान प्राध्यापकांना प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या नोकरीसाठीचा एक अर्ज पाठवला. अर्ज अगदी एकसारखा, फक्त नाव वेगळं. काहींना 'जॉन', काहींना 'जेनिफर'. जॉनला जास्त सक्षम ठरवलं गेलं आणि सरासरी सुमारे ३० हजार डॉलर पगार सुचवला गेला. जेनिफरला सुमारे २६,५००. आणि हा फरक महिला प्राध्यापकांनीही तितकाच केला होता.

म्हणजे कोणी मुद्दाम वाईट वागायचं ठरवलेलं नसतं. 'शास्त्रज्ञ' म्हटल्यावर डोळ्यांसमोर पुरुष उभा राहण्याची सवय असते आणि ती स्त्री-पुरुष दोघांनाही असते.

भेदभाव कधी कधी चक्क टेपने मोजताही येतो. अमेरिकेतल्या एमआयटीत नॅन्सी हॉपकिन्स या जीवशास्त्रज्ञाला माशांवरच्या प्रयोगांसाठी जागा हवी होती, ती मिळत नव्हती. १९९० च्या दशकात त्यांनी टेप घेऊन स्वतःची आणि सहकाऱ्यांची प्रयोगशाळा मोजली. पुरुष सहकाऱ्यांकडे जास्त जागा होती. मग इतर महिला प्राध्यापकही एकत्र आल्या आणि १९९९ मध्ये एमआयटीने भेदभाव होत असल्याचं जाहीरपणे मान्य केलं.

सरकारने काय केलं?

योजना बऱ्याच आहेत. मुख्य अशा:

• महिला शास्त्रज्ञ योजना: २००२-०३ पासून. करिअरमध्ये खंड पडलेल्या महिलांना संशोधनात परतण्यासाठी निधी. आता ती 'वाइज-किरण' या मोठ्या योजनेचा भाग आहे.

• पीएचडीसाठी सवलत: यूजीसीच्या २०१६ च्या नियमांनुसार महिलांना पीएचडी पूर्ण करायला दोन वर्षं जास्त आणि प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा.

• प्रसूती रजा: २०१७ च्या कायदादुरुस्तीने ती १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली.

• सर्ब-पॉवर: २०२० मध्ये सुरू झालेला, महिला संशोधकांसाठी राखीव संशोधन निधी.

• गती: २०२० मध्ये जाहीर. या योजनेत महिलांपेक्षा संस्थांना तपासलं जातं. भरती, बढती, सोयी यांत स्त्री-पुरुष समानता किती आहे, याचं मूल्यमापन. ब्रिटनमध्ये २००५ मध्ये सुरू झालेल्या 'अथेना स्वान' योजनेवर ती बेतलेली आहे.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण ही की परत येण्यासाठीच्या बहुतेक योजना म्हणजे ठरावीक मुदतीची फेलोशिप. तीन वर्षांनी निधी संपतो. त्यानंतर कायमच्या जागेसाठी पुन्हा तीच रांग, तीच वयोमर्यादा, फक्त वय तीन वर्षांनी वाढलेलं.

दुसरी अडचण रजेच्या हिशेबात आहे. केंद्र सरकारी नोकरीत आईला १८० दिवस प्रसूती रजा मिळते आणि वडिलांना पितृत्व रजा १५ दिवस. बालसंगोपनासाठी महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत ७३० दिवसांपर्यंत रजा घेता येते. पुरुषांमध्ये ती फक्त एकट्याने मूल वाढवणाऱ्यांना मिळते. सोय चांगलीच आहे. पण मूल सांभाळणं हे आईचं काम, हेही त्यातून नकळत पक्कं होतं. मग मुलाखत घेणाऱ्याच्या मनात शंका येते, 'ही रजेवर जाईल.' तिच्या नवऱ्याबद्दल ही शंका कोणालाच येत नाही.

तिसरी अडचण निवड समितीची. समितीत सगळे पुरुष असतील तर नावंही त्यांच्या ओळखीतलीच पुढे येतात. २०२० च्या राष्ट्रीय विज्ञान धोरणाच्या मसुद्यात निवड आणि मूल्यमापन समित्यांमध्ये किमान ३० टक्के महिला असाव्यात असं सुचवलं होतं. पण मसुदा म्हणजे नियम नव्हे.

मुंबईतलं एक साधं उदाहरण

१९७३ मध्ये मुंबईतल्या काही महिला शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन इंडियन वुमेन सायंटिस्ट्स असोसिएशन सुरू केली. विज्ञानावरची व्याख्यानं, मुलींसाठी कार्यक्रम हे तर त्यांनी केलंच. पण नवी मुंबईत वाशीला नोकरदार महिलांसाठी वसतिगृह आणि पाळणाघरही उभं केलं.

शास्त्रज्ञांच्या संघटनेला पाळणाघर चालवावं लागलं, यातच बरंच काही आलं. प्रयोग अनेकदा ठरलेल्या वेळेत संपत नाही. पेशी वाढवायला ठेवल्या की त्या रविवार बघत नाहीत, रात्री अकरालाही जाऊन बघावं लागतं. त्या वेळी मूल कोणाकडे, या प्रश्नाचं उत्तर असेल तरच बाई प्रयोगशाळेत थांबू शकते.

हा प्रश्न फक्त महिलांचा आहे का?

थोडा हिशेब करूया. २०२३ मध्ये वाढलेल्या दरानुसार कनिष्ठ संशोधकाला महिन्याला ३७ हजार आणि वरिष्ठ संशोधकाला ४२ हजार रुपये विद्यावेतन मिळतं. दोन वर्षं कनिष्ठ आणि तीन वर्षं वरिष्ठ धरली तर एका पीएचडीवर फक्त विद्यावेतनाचे २४ लाख रुपये होतात. घरभाडं, रसायनं, उपकरणं, मार्गदर्शकाचा वेळ हे सगळं वेगळं. हा पैसा करदात्यांचा. इतकं करून तयार झालेली शास्त्रज्ञ पस्तिशीत बाहेर पडली, तर ते नुकसान तिचं आहेच, पण आपलंही आहे.

पुढे काय?

या विषयावरच्या चर्चेत 'मुलींनी विज्ञानाकडे वळावं' हे वाक्य हमखास येतं. पण मुली वळल्या आहेत. २९.८ लाख हा आकडा तेच सांगतो. आता वळायचंय ते संस्थांनी.

त्यासाठी काय लागेल, हे गुपित नाही. वयाऐवजी पीएचडीनंतरची प्रत्यक्ष कामाची वर्षं मोजणं. दोघंही शास्त्रज्ञ असलेल्या जोडप्यांना एकत्र नोकरी देण्याची उघड पद्धत. आवारात उशिरापर्यंत चालणारं पाळणाघर. वडिलांनाही पुरेशी रजा. निवड समितीत महिला. आणि किती महिलांनी अर्ज केला, किती जणींना मुलाखतीला बोलावलं, किती जणींना घेतलं, हे प्रत्येक संस्थेने दरवर्षी जाहीर करणं.

हा शेवटचा मुद्दा दिसायला किरकोळ वाटतो. पण कमला भागवतांना १९३३ मध्ये नकाराचं कारण विचारता आलं, कारण नकार समोर होता. थांबलेल्या फाईलला जाब विचारायचा असेल, तर आधी ती थांबली आहे हे दिसायला हवं.